कारखान्यांची आळी

पुण्याच्या तांबट आळीतून तुम्ही कधी गेला आहात काय? आळीत पाऊल टाकण्यापूर्वीच तांब्यावर पडणाऱ्या हातोड्यांचा आवाज कानांवर येऊ लागतो. कोल्हापूरची गुजरी पाहा. तेथे एका सराफाच्या भिंतीला दुसऱ्या सराफाची भिंत लागलेली असते. कोल्हापूरजवळच्या हुपरी गावात घरोघर चांदीचे दागिने घडतात. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू झाला आणि पुढे सारे गावच मागांच्या खडखडाटाने भरून गेले.

यात एक कोडे आहे. एकच माल करणारे दोघेजण खरे तर एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात. एकाचे गिऱ्हाईक दुसऱ्याने पळवावे असा हा मामला. मग शहाण्या माणसाने प्रतिस्पर्ध्यापासून चार कोस दूर जाऊन दुकान थाटायला नको काय? तो नेमका शेजारी का येऊन बसतो?

तुम्ही म्हणाल, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याने त्यात का पडावे? त्याचे कारण माझ्या लहानपणात आहे. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे समजणे सोपे जाईल.

उद्यमनगरातील एक संध्याकाळ

माझे मामा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका लहानशा ओतशाळेत मोल्डर होते. ओतशाळा म्हणजे फौंड्री. वाळूचा साचा करायचा, त्यात वितळलेले बीड ओतायचे आणि थंड झाल्यावर साचा फोडून वस्तू बाहेर काढायची, हे तेथील काम. १९८९ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. मी पाचवीत होतो आणि मामांचा डबा घेऊन गेलो होतो. आदल्या रात्री पहिला पाऊस झाला होता. ओतशाळेची वाळू पत्र्याच्या शेडच्या कडेला ढीग करून ठेवलेली असे. तिच्यावर पागोळ्या पडल्या होत्या. पण वरचा थर वाऱ्याने सुकल्यामुळे ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

संध्याकाळी ओतकाम सुरू झाले. लाल-पिवळ्या रसाने भरलेली बादली दोघांनी दांड्यांना धरून आणली आणि पहिल्या साच्यात धार सोडली. क्षणभर सारे ठीक होते. मग साचा आतून गुरगुरला आणि दूध उतू जावे तसा रस तोंडातून उसळून बाहेर आला. मामांच्या पायांत साध्या वहाणा होत्या. पुढचे मी सांगत नाही. ते अडीच महिने अंथरुणावर होते.

मला आज आठवते ते आणखी एका कारणासाठी. मामांना दवाखान्यात ज्या टेंपोतून नेले तो टेंपो शेजारच्या ओतशाळेचा होता. या शेजाऱ्यांशी मामांच्या मालकांचे दरावरून वैर होते. एकमेकांशी बोलणे बंद होते. तरी टेंपो आला. दुसऱ्या दिवशी त्यांचा म्हातारा मोल्डरही आला. त्याने ढिगात कोपरापर्यंत हात घालून खालची मूठभर वाळू काढली, दाबली, आणि म्हणाला, “वाळू भिजलीया की. मुठीत धरून बघितली न्हाईसा व्हय?” मग त्याने सर्व पोरांना शेजारी उभे करून वाळू कशी पारखायची ते दाखवले. आठवडाभर पुरेल इतकी कोरडी वाळूही शेजाऱ्यांकडूनच आली.

एका चमचा पाण्याचे गणित

साचा का उसळला, ते पाहू. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सियसला वितळते. बिडात शेकडा तीन-साडेतीन कार्बन असतो, त्यामुळे ते ११५० ते १२०० अंशांच्या दरम्यानच वितळते. लहान ओतशाळांना हे काम परवडते ते याच गुणामुळे. साच्याचे बारीक कोपरे भरण्यापूर्वी रस गोठू नये म्हणून तो १३५० अंशांच्या आसपास तापवून ओततात.

ओल्या साच्याच्या वाळूत वजनाच्या शेकडा ३ ते ५ इतके पाणी मुद्दामच घातलेले असते. वाळूत मिसळलेली चिकणमाती त्यामुळे कणांना धरून ठेवते. रस ओतला की या पाण्याची वाफ होते आणि ती वाळूच्या कणांमधील फटींतून निघून जाते. पाणी प्रमाणाबाहेर असले म्हणजे मात्र वाफ जास्त होते आणि फटीही बुजलेल्या असतात.

आता आकडे मांडा. १ ग्रॅम पाण्याचे आकारमान १ मिलिलिटर. त्याची १०० अंशांची वाफ झाली की आकारमान सुमारे १७०० मिलिलिटर होते. पण वाफ तेथेच थांबत नाही. रसाला लागून ती आणखी तापते. चार्ल्सचा नियम तुम्हाला ठाऊक आहे: दाब तोच राहिला तर वायूचे आकारमान केवल तापमानाच्या प्रमाणात वाढते. १०० अंश सेल्सियस म्हणजे ३७३ केल्विन आणि १३५० अंश म्हणजे १६२३ केल्विन. हे प्रमाण चार पटींहून अधिक आहे. म्हणजे १ मिलिलिटर पाण्यापासून ७ लिटरांहून जास्त वाफ होऊ शकते. चहाचा एक चमचा पाणी, म्हणजे ५ मिलिलिटर, घेतले तर सुमारे ३५ लिटर! इतक्या वाफेला क्षणार्धात वाट हवी. आणि वाट मिळाली नाही की दाब वाढतो. ती रसातूनच मार्ग काढते. रस उसळला तर माणूस भाजतो. उसळला नाही तरी वस्तूच्या पोटात पोकळ्या राहतात आणि ती भंगारात जाते.

हे टाळायला वाळूतील ओलावा मोजणारे उपकरण मिळते. पण १९८९ साली त्या ओतशाळेत ते नव्हते. म्हाताऱ्या मोल्डरची मूठ हेच उपकरण, आणि ते शेजारच्या शेडमध्ये होते. आता आपल्या कोड्याच्या उत्तराचे एक टोक हाती आले, नाही का?

एका पंपाचा प्रवास

दुसरे टोक पकडण्यासाठी बिडाच्या एखाद्या वस्तूमागे चालत जाऊ. शेतावरच्या पंपाचे गोगलगाईसारखे कवच घ्या.

प्रथम त्याचा लाकडी किंवा धातूचा नमुना लागतो. हा पॅटर्न करणारा कारागीर वेगळा असतो. त्याच्याजवळची मोजपट्टी तुमच्या पट्टीच्या शेजारी ठेवली तर ती चुकीची वाटेल, कारण तिचे १०० सेंटिमीटर हे खऱ्या १०१ सेंटिमीटरांइतके असतात. बीड गोठून थंड होताना लांबीत सुमारे शेकडा एकाने आकसते, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब करण्याऐवजी कारागिराने पट्टीच वाढवून घेतली!

कवच आतून पोकळ हवे. त्यासाठी साच्यात वाळूचा घट्ट गाभा, म्हणजे कोअर, बसवावा लागतो. तो करणारा आणखी वेगळा. वाळू चिकटून राहावी म्हणून गाभ्यात घालण्याच्या पदार्थांपैकी एक म्हणजे साखर कारखान्यातील मळी. गंमत पाहा, भट्टीत रसावर तरंगणाऱ्या कचऱ्यालाही आपण मळीच म्हणतो. एक मळी उसाची, दुसरी धातूची, आणि कामे अगदी निराळी.

मग मोल्डर साचा करतो, भट्टीवाला रस देतो. थंड झालेल्या वस्तूच्या कडा घासणारा निराळा, लेथवर तिची तोंडे सपाट करणारा टर्नर निराळा, भोके पाडणारा निराळा, रंग देणारा निराळा. आणि या सर्वांच्या मधून हातगाड्या व टेंपो धावत असतात.

ही सगळी मंडळी एकमेकांपासून दोन-तीनशे किलोमीटरवर असती तर? दर टप्प्याला जड लोखंडाची वाहतूक करावी लागली असती. एखादे कवच लेथवर चढवल्यावर आत पोकळी निघाली, तर ते परत पाठवून नवे यायला आठवडा गेला असता. शेजार असला की टर्नर नुसती हाक मारतो.

आता यंत्रांचा हिशेब करू. समजा, एका लहान कारखान्याला दाते पाडण्याचे महागडे यंत्र आठवड्यातून फक्त ३ तास लागते. आठवडा ४८ तासांचा धरला तर हे यंत्र त्याच्याकडे ४५ तास रिकामे पडून राहील. पण जवळपास असे सोळा कारखाने असतील, तर तेच यंत्र घेऊन एखादा सतरावा माणूस स्वतंत्र धंदा करू शकतो, आणि त्या सोळांपैकी कोणालाही ते विकत घ्यावे लागत नाही. एकट्याला न परवडणारी गोष्ट आळीला परवडते ती अशी.

हे शास्त्रात कोणी मांडले?

इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात याचा विचार केला आहे. चाकू-सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शेफील्डसारख्या गावांकडे पाहून त्यांनी मुख्यतः तीन कारणे दिली. पहिले, अशा गावी कुशल कामगाराला काम आणि कामाला कुशल कामगार लवकर मिळतो. दुसरे, मुख्य धंद्याला लागणारे सुटे भाग, अवजारे आणि दुरुस्ती पुरवणारे जोडधंदे जवळच वाढतात. तिसरे, धंद्याचे ज्ञान लपून राहत नाही. एकाने केलेली सुधारणा दुसरा पाहतो आणि तिच्यात स्वतःची भर घालतो. आपली म्हाताऱ्या मोल्डरची मूठ या तिसऱ्या कारणात बसते.

अशा आळीला आज ‘उद्योग-समूह’ किंवा सरळ ‘क्लस्टर’ म्हणतात. कोल्हापूर, सांगली व इचलकरंजी या परिसरात सुमारे तीनशे ओतशाळा आहेत. हा समूह कोणी एका दिवशी आज्ञा देऊन निर्माण केलेला नाही. ऊस होता, म्हणून गुऱ्हाळे होती. उसाला पाणी उपसायचे म्हणून तेलावर चालणारी इंजिने हवी होती. इंजिने आली की ती बिघडणार, आणि दुरुस्तीची दुकाने निघणार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी सुटे भाग मिळणे कठीण झाले, तेव्हा दुरुस्ती करणारे हात भाग घडवू लागले आणि पुढे सबंध इंजिनेच तयार करू लागले.

याउलट जवळच्याच किर्लोस्करवाडीची गोष्ट. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर १९१० साली कारखाना उभारला. तेथे एकच कारखाना होता आणि त्याच्याभोवती गाव वसले. उद्यमनगरात अनेक लहान कारखाने एकमेकांना धरून वाढले. औद्योगिक विकासाचे हे दोन निराळे मार्ग आहेत.

आखलेली वसाहत

आता तिसरा मार्ग. आपोआप वाढलेल्या आळीत रस्ते अरुंद असतात, विजेच्या तारा लोंबत असतात, सांडपाण्याला वाट नसते. म्हणून जागा आधी आखून, रस्ते, पाणी व वीज पुरवून मग कारखान्यांना भूखंड द्यावेत, अशी कल्पना निघाली. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ ट्रॅफर्ड पार्क येथे १८९६ साली अशी वसाहत सुरू झाली. जहाजांसाठी खोदलेला कालवा दोनच वर्षांपूर्वी तेथे खुला झाला होता, हे लक्षात घ्या. आपल्या राज्यात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक अशा कोणत्याही वसाहतीलाच ‘एमआयडीसी’ म्हणू लागले. कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथे अशा वसाहती आहेत, आणि उद्यमनगरातील कित्येक कारखान्यांच्या मोठ्या शाखा तेथे गेल्या.

वसाहतीत वीज इतकी महत्त्वाची का? पुन्हा थोडे भौतिकशास्त्र. १ किलोग्रॅम बीड ३० अंशांपासून १४०० अंशांपर्यंत तापवायचे आहे. सरासरी विशिष्ट उष्मा दर अंशाला सुमारे ०.७ किलोजूल धरा. म्हणजे १३७० अंशांसाठी जवळजवळ ९६० किलोजूल. वितळण्याची सुप्त उष्णता सुमारे २५० किलोजूल. बेरीज १२१० किलोजूल. एका टनासाठी याची हजार पट. विजेचे १ युनिट म्हणजे ३६०० किलोजूल. भागाकार केलात तर उत्तर ३३६ युनिट येईल. दरमहा १०० युनिट वापरणाऱ्या घराला तीन महिन्यांहून अधिक पुरेल इतकी वीज एका टनाला लागते; आणि हे उष्णता मुळीच वाया गेली नाही असे मानून! प्रत्यक्षात यापेक्षा बरीच जास्त लागते. फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर चालणाऱ्या प्रवर्तन भट्ट्या आता अनेक ओतशाळांत आहेत. त्यांच्यासाठी भरवशाचे उपकेंद्र जवळ लागते, आणि ते एकेकट्या कारखान्यासाठी कोण उभारणार?

मात्र एक ध्यानात ठेवा. वसाहत आखता येते; आळी आखता येत नाही. भूखंड, रस्ता आणि खांब सरकारला देता येतात. वाळू मुठीत धरून पारखणारा माणूस मात्र भूखंडाबरोबर मिळत नाही. म्हणूनच काही वसाहती गजबजतात, तर काहींत नुसते फलक आणि गवत दिसते.

शेजाराचे तोटे

येथवर वाचून तुम्हाला वाटेल की शेजार म्हणजे सारे गोडच. तसे नाही.

पहिला तोटा असा की सर्वांचे नशीब एका दाव्याला बांधले जाते. खेडोपाडी वीज पोचली आणि शेतकऱ्यांनी विजेचे पंप बसवले, तेव्हा तेलाच्या इंजिनांची मागणी घटली. एकाच वेळी साऱ्या उद्यमनगराला ती झळ लागली. कोल्हापूर तरले ते इंजिन करणारे हात दुसरेही काही ओतू शकत होते म्हणून. मोटारी, ट्रॅक्टर आणि इतर यंत्रांचे भाग तेथे होऊ लागले. एकच वस्तू जाणणारी आळी अशा वेळी बसते. एक विद्या जाणणारी आळी वस्तू बदलू शकते.

दुसरा तोटा धुराचा व कचऱ्याचा. एका भट्टीचा धूर वाऱ्यावर विरतो. पन्नास भट्ट्यांचा धूर शेजारच्या वस्तीच्या छातीत जातो. शिवाय वस्तू ओतायला तिच्या वजनाच्या कितीतरी पट वाळू लागते आणि जळलेली वाळू टाकायची कोठे हा प्रश्न उरतो.

पण शेजाराने निर्माण केलेले प्रश्न शेजारानेच सोडवता येतात. कोक जाळणाऱ्या क्युपोला भट्टीचे उदाहरण घ्या. खाली कोक जळून झालेला कार्बन डाय-ऑक्साइड वरच्या तापलेल्या कोकमधून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. या क्रियेत उष्णता खर्च होते आणि न जळलेला वायू धुराड्यातून निघून जातो. हवेच्या झोताचे दोन भाग करून दुसरा भाग थोड्या उंचीवर सोडला, तर हा वायू तेथे जळतो, रस अधिक तापतो आणि कोक वाचतो. टेरी या संस्थेने १९९८ साली हावडा येथील ओतशाळेत अशी भट्टी चालवून दाखवली. एकाच्या भट्टीत वाचलेला कोक शेजाऱ्याला भिंतीवरून दिसतो, व्याख्यानाची गरज पडत नाही. वापरलेली वाळू शुद्ध करून पुन्हा वापरण्याचा सामायिक प्रकल्पही कोल्हापूरच्या ओतशाळांनी एकत्र येऊन उभारला आहे. तो एकट्याच्या आवाक्यातला नव्हता.

मामा पुढे वीस वर्षे मोल्डर होते. लंगडत चालत, पण ढिगातली खालची वाळू मुठीत घेतल्याखेरीज त्यांनी एकही साचा भरू दिला नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेली पोरे आज शिरोलीत आहेत, आणि त्यांच्या ओतशाळांत ओलावा मोजायचे उपकरण असते. तरी पावसाळ्यात ती आधी मूठच दाबतात.

करून पाहा

१. बारीक वाळूत थोडी चाळलेली चिकणमाती मिसळा. ४०० ग्रॅम कोरड्या मिश्रणात १६ मिलिलिटर पाणी शिंपडून चांगले मळा. मूठभर घेऊन दाबा आणि तो गोळा मधोमध मोडा. कडा तीक्ष्ण राहिल्या आणि हाताला चिखल लागला नाही, तर प्रमाण ठीक. असेच दुप्पट पाणी घालून पाहा आणि फरक टिपून ठेवा.

२. याच मिश्रणातून १०० ग्रॅम वाळू ताटलीत पसरून उन्हात पूर्ण वाळवा व पुन्हा वजन करा. घटलेले वजन म्हणजे शेकडा ओलावा. आधी मुठीने अंदाज सांगा, मग मोजा. दहा वेळा केल्यावर तुमची मूठ किती सुधारते ते पाहा.

३. तुमच्या गावातील एखादी आळी निवडा: सुतारांची, गॅरेजवाल्यांची, छापखान्यांची, कोणतीही. तिचा नकाशा काढा. कोण कोणाकडून काय घेतो, ते बाणांनी दाखवा. ज्या दुकानाकडे सर्वांत जास्त बाण जातात, ते उद्या बंद पडले तर काय होईल, हे तेथील माणसांना विचारा आणि वर्गात सांगा.

शिक्षकांना एक विनंती. ओतशाळा दाखवायला मुलांना न्यायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी, ओतकामापासून मुलांना दूर उभे करावे, आणि सर्वांच्या पायांत बंद बूट आहेत ना, हे फाटकातच पाहून घ्यावे.